एक चि म्हणजे नक्की किती? (चिनी लांबीची मापं)

शिवणटिपण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या आधी घरात नवे पडदे शिवून घेतले. खिडकीचं माप मी स्वतः घेतलं आणि शिंपीकाकांना फोनवर सांगितलं, "उंची ४१." पडदे आले, टांगले, तर खालची कड चौकटीपासून चांगली दीड वीत वर. काकांनी घरी येऊन त्यांचा टेप लावून दाखवला. पडदा बरोबर ४१ इंच होता. त्यांची काही चूक नव्हती.

मग मी माझा टेप नीट बघितला. भाच्याने ग्वांगझौहून शिवणकामाचा डबा आणला होता, त्यातला पिवळा मऊ टेप. एका बाजूला सेंटीमीटर, १५० पर्यंत. दुसऱ्या बाजूच्या आकड्यांना मी सवयीने इंच समजत होते. पण इंचांचा टेप ६० ला संपतो आणि हा ४५ ला संपत होता. शिवाय प्रत्येक घराचे दहा भाग पाडलेले, आपल्या टेपवर इंचाचे आठ असतात. १५० सेंमीत ४५ घरं, म्हणजे एक घर ३.३३ सेंमीचं. हा इंच नव्हे, हा चिनी 'त्सुन'. माझी खिडकी ४१ त्सुन होती, म्हणजे १३६.७ सेंमी, आणि पडदा झाला १०४.१ सेंमीचा.

तेव्हापासून महिनाभर याच विषयात आहे. कळलं ते असं. दहा फन म्हणजे एक त्सुन, दहा त्सुन म्हणजे एक चि, दहा चि म्हणजे एक झांग आणि दहा झांग म्हणजे एक यिन. आपल्याकडे १२ इंचांचा फूट आणि ३ फुटांचा यार्ड पाठ करावा लागायचा. तिथे ही साखळी दोन हजार वर्षांपूर्वीपासून दशमान आहे. अंतरासाठी 'ली'. त्यात काही भानगड दिसत नाही, सरळ अर्धा किलोमीटर.

आजचा चि म्हणजे मीटरचा बरोबर तिसरा भाग. १९२९ साली तिथल्या राष्ट्रवादी सरकारने कायदा केला आणि १ जानेवारी १९३० पासून तो लागू झाला. बाजारातली मापं मीटरला अशी बांधली की कुणाच्याही लक्षात राहावं : एक लिटर म्हणजे एक शंग, दोन जिन म्हणजे एक किलो, तीन चि म्हणजे एक मीटर. एक-दोन-तीन. मला हे फार आवडलं. जुनं मोडून टाकलं नाही, थोडं इकडेतिकडे सरकवून नव्याशी जुळवलं.

पण 'थोडं सरकवून' म्हणजे किती, हे शोधायला गेले आणि तिथेच अडकले. छिन आणि हान काळातला (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा) चि सुमारे २३.१ सेंमीचा. थांग काळात (सातवं ते नववं शतक) तो साडेएकोणतीसच्या आसपास पोचला. मिंग-छिंग काळात (चौदाव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत) बांधकामाचा चि ३२ सेंमी झाला आणि शिंप्याचा तर त्याहून मोठा, साडेपस्तीसच्या घरात. नाव तेच, दहाची साखळी तीच, आणि पट्टी मात्र शतकानुशतकं वाढतच गेलेली. का वाढली असेल? कुणाला ठाऊक असेल तर सविस्तर लिहा.

तेवीसचा आकडा इतक्या खात्रीने कसा सांगतात, हेही वाचलं. शांघायच्या संग्रहालयात कांस्याचं एक मूठ असलेलं चौकोनी मापटं आहे, इसवी सनपूर्व ३४४ सालचं, छिन राज्याचा मंत्री शांग यांग याने करवून घेतलेलं. त्याच्या अंगावरच कोरलंय की सव्वासोळाच्या किंचित खाली, १६ पूर्णांक १ पंचमांश घन त्सुन म्हणजे (तेव्हाचा) एक शंग. आतल्या पेटीची लांबी-रुंदी-खोली आज सेंटीमीटरमध्ये मोजली की तेव्हाचा त्सुन आपोआप हाती येतो, सुमारे २.३ सेंमी. आणि १२३ वर्षांनी, इसवी सनपूर्व २२१ मध्ये, पहिला सम्राट छिन श्र हुआंग याने सगळा देश एका मापाखाली आणला तेव्हा त्याची आज्ञा ह्याच मापट्याच्या बुडाला कोरली. एकाच भांड्यावर दोन काळांचे लेख.

---

पूर्वेचावारा

छान धागा. मी आठ वर्षं शांघायला आहे, त्यामुळे रोजच्या वापरातलं थोडं सांगतो.

सरकारी कागदावर सगळं मीटरमध्येच. १९८४ मध्ये कायदेशीर मापं ठरली तेव्हा चि-त्सुनला त्यात जागा राहिली नाही. पण कमरेचं माप विचारा, अजून चिमध्येच सांगतात. दुकानातली बाई माझ्याकडे बघून "दोन चि पाच" म्हणते, म्हणजे ८३ सेंमी. टेप न लावता सांगते आणि बहुतेक वेळा बरोबर असतं.

किलोमीटरला 'गोंगली' म्हणतात, म्हणजे 'सार्वजनिक ली'. मैल म्हणजे 'इंग्रजी ली' आणि इंच म्हणजे 'इंग्रजी त्सुन'. टीव्हीचा पडदा इंचात मोजतात, पण बोलताना 'इंग्रजी' गळून पडतं आणि नुसता 'त्सुन' उरतो. त्यामुळे ताई, तुमच्यासारखा घोटाळा तिथल्या माणसाचाही होऊ शकतो. ५५ त्सुनचा टीव्ही म्हणजे ५५ इंचांचा, आणि ४५ त्सुनचा टेप मात्र खऱ्या त्सुनचा.

उच्चाराबद्दल : 'चि' लिहिताय ते वाचायला सोपं आहे, तेच ठेवा. तिथे जीभ टाळूकडे वळवून, 'छ्र' असा काहीसा ध्वनी येतो.

एक म्हण इथे चपखल बसेल. कुणाला थोडी सवलत दिली आणि तो डोक्यावर बसायला लागला की म्हणतात, "त्सुन मिळाला की चि पुढे सरकतो." आपलं बोट दिल्यावर मनगट धरणं.

---

कापडआळी

शिवणटिपण ताई, पट्टी का वाढली याचं उत्तर कापडात आहे.

आमचं घराणं तीन पिढ्या कापडाच्या धंद्यात, म्हणून मी हा भाग मुद्दाम वाचला होता. जुन्या चीनमध्ये सारा धान्यात आणि कापडात घेत. रेशमाचा ठराविक तागा असे : रुंदी २ चि २ त्सुन, लांबी ४० चि. आता सारा गोळा करणाऱ्याच्या हातातली पट्टी जरा लांब झाली तर? कायद्यातला आकडा ४० च राहतो, साऱ्याचा दर वाढवल्याचा बोभाटा होत नाही, आणि विणकराला मात्र जास्त कापड द्यावं लागतं.

हिशेब करून बघा. हान काळाच्या पट्टीने ४० चि म्हणजे सव्वानऊ मीटर. सुई घराणं ५८१ मध्ये गादीवर आलं त्या सुमाराच्या पट्टीने तेच ४० चि पावणेबारा मीटरच्या वर जातात. प्रत्येक ताग्यामागे अडीच मीटर कापड जास्त. मागावर बसलेल्या बाईचे ते किती दिवस, हे विणणाऱ्यालाच कळेल. वांग ग्वोवेई नावाचे मोठे विद्वान होऊन गेले (१८७७ ते १९२७), त्यांनी जुन्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून हेच दाखवलं की सगळ्यात मोठी उडी उत्तरेकडच्या राजवटींच्या काळात आहे आणि तिचं मूळ कापडाच्या साऱ्यात आहे. पुढे कापडात सारा घेणं थांबलं, तशी पट्टीची वाढही मंदावली.

माप घेणारा आणि माप देणारा यांच्यात ताकदीचा फरक असला की पट्टी नेहमी एकाच दिशेने सरकते. आमच्या आजोबांच्या गजावर दोन्ही टोकांना पितळी टोप्या ठोकलेल्या होत्या, टोक झिजून गज आखूड होऊ नये म्हणून. गिऱ्हाईक आधी त्या टोप्या बघायचं, मग कापड.

---

शंकासूर७२

प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारतो. पट्टी अशी वाढत असेल तर जुनी पुस्तकं वाचताना काय करायचं? तीन राज्यांच्या गोष्टीतला (जुनी चिनी कादंबरी) मुत्सद्दी चूगं ल्यांग आठ चि उंच होता असं वाचलंय. आजच्या चिने तो २ मीटर ६७ सेंमी होतो!

---

शिवणटिपण

@शंकासूर७२, अजिबात बाळबोध नाही. त्याच्या काळातला चि सुमारे २४.२ सेंमी. आठ चि म्हणजे १ मीटर ९४. उंच, देखणा माणूस, राक्षस नव्हे. इतिहासग्रंथात त्याची उंची मुद्दाम नोंदवली आहे, कारण तेव्हाही ती चारचौघांत उठून दिसणारी होती.

@कापडआळी, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. ४० चा आकडा तसाच ठेवून अडीच मीटर जास्त, हे डोक्यातून जात नाहीये. पितळी टोपीचा गज अजून असेल तर फोटो टाका ना.

---

मृगशीर्ष

कापडआळींनी सांगितलेली गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी आकाशात आहे आणि माझ्या मते तीच जास्त सुंदर.

थांग राजवटीने एक शहाणपणा केला. दोन चि ठेवले. मोठा चि लहान चिच्या १.२ पट. बाजार, सारा, बांधकाम सगळं मोठ्याने. आणि चार कामं लहान चिने, म्हणजे जवळजवळ जुन्या पट्टीने : संगीताचे स्वर लावायच्या नळ्या, सूर्याची सावली मोजायची काठी, औषधांचं माप आणि दरबारी विधींचे मुकुट.

का? स्वराच्या नळीची लांबी बदलली तर स्वरच बदलतो. हान काळापासून मापाचं मूळच तिथे मानलं होतं : मध्यम आकाराच्या काळ्या बाजरीसारख्या धान्याचे ९० दाणे ओळीने ठेवले की पायाभूत स्वराच्या नळीची लांबी, एक दाणा म्हणजे एक फन. आणि सावलीचं म्हणाल तर आठ चि उंचीची काठी रोवून भर दुपारची सावली शतकानुशतकं नोंदवत आलेले. पट्टी बदलली की मागच्या सगळ्या नोंदी वाया.

याच सावल्यांवरून ७२४ साली ई-शिंग नावाच्या बौद्ध भिक्षूच्या देखरेखीखाली मोठी मोहीम झाली. जुनी समजूत होती की दक्षिणोत्तर हजार ली गेलं की सावलीत एक त्सुन फरक पडतो. आजच्या हनान प्रांतात सपाट जमिनीवर एका रेषेत ठिकाणं निवडून प्रत्यक्ष अंतर मोजलं. साडेपाचशे लीच्या आतच दोन त्सुनहून जास्त फरक निघाला. समजूत कोसळली. ध्रुवाची उंची एका अंशाने बदलायला ३५१ ली ८० बू चालावं लागतं, असा आकडा त्यांनी दिला. ('बू' म्हणजे पावलांची जोडी, तेव्हा पाच चि.)

पुढे १२७६ पासून खगोलज्ञ गुओ शौजिंगने नवं पंचांग रचायला घेतलं. त्याची वेधशाळा डंगफंगजवळ गाओछंगला आजही उभी आहे. आठऐवजी ४० चि उंचीवरून सावली पाडायची आणि खाली जमिनीवर ३६ दगडांची १२८ चि लांब मोजपट्टी. तिला 'आकाश मोजायची चि' म्हणतात. फोटोत बघितलीत तर एखादी बुटकी भिंत जमिनीवर आडवी पडल्यासारखी दिसते, वरून दोन समांतर पन्हळी काढलेल्या. पन्हळींत पाणी सोडून पट्टी समपातळीत आहे का ते बघत. ती आज मोजली तर सुमारे ३१ मीटर भरते. भागाकार करा, एक चि चोवीस सेंमीच्या थोडा वर. बाहेर बाजारात चि तिशीपार गेला होता आणि वेधशाळेत साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या थांग काळातला लहान चि जपून ठेवलेला होता!

म्हणून शिवणटिपण ताईंच्या "एक चि म्हणजे किती" या प्रश्नाला माझा उलट प्रश्न : कोणाचा चि?

---

पूर्वेचावारा

सुरेख! मृगशीर्ष, हे माहीत नव्हतं. गाओछंगला आता जाणारच.

---

लेणीवाट

ताई, "लीमध्ये काही भानगड नाही" असं लिहिलंत, तिथे हरकत घेतो. :)

५०० मीटरचा ली १९३० चा. त्याआधी छिंग काळात १८०० चिचा ली, चि ३२ सेंमीचा, म्हणजे ५७६ मीटर. त्याहून मागे जाल तसा तो बदलतच जातो. शिवाय डोंगरात चढाचा रस्ता उताराच्या त्याच रस्त्यापेक्षा जास्त ली सांगत, हे एकोणिसाव्या शतकातल्या परदेशी प्रवाशांनी लिहून ठेवलंय. त्यांना तो अडाणीपणा वाटला. मला नाही वाटत. सह्याद्रीत वाटाड्याला विचारा, "किती लांब?" तो तासच सांगतो आणि ते तास चढाचे वेगळे, उताराचे वेगळे असतात. पाठीवर ओझं असलेल्या माणसाला तेच माप उपयोगाचं.

आता आपल्या मातीतलं. युआन च्वांग (आपण ह्युएन त्संग म्हणतो तो) पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला. त्याने लिहिलंय की या देशाचा घेर ६००० लीहून जास्त, राजधानीचा घेर ३० लीहून जास्त आणि तिच्या पश्चिमेला मोठी नदी. पूर्व सीमेच्या डोंगरात, खोल दरीतल्या एका विहाराचं वर्णनही आहे आणि ते अजिंठ्याचं मानतात. दाराबाहेर दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत, असं तो म्हणतो. वाघूर नदीकडून १६ नंबरच्या लेण्याकडे चढताना ते दोन हत्ती आजही भेटतात. गुडघे टेकून बसल्यासारखे आहेत, त्यांच्यामधून वर जावं लागतं.

पण पुढचे आकडे बघा. आत ७० चिहून उंच बुद्धमूर्ती, तिच्यावर अधांतरी सात दगडी छत्रं, दोन छत्रांत तीन चिचं अंतर. मोठा चि घ्या, मूर्ती २० मीटरच्या वर जाते. मृगशीर्षांचा लहान चि घ्या, तरी १७ मीटर. अजिंठ्यात एवढं काही नाही. २६ नंबरमधला महापरिनिर्वाणाचा आडवा बुद्ध सगळ्यात भव्य, तोही सात मीटरच्या आसपास. छत्रं म्हणाल तर १९ नंबरच्या चैत्यातल्या स्तूपावर एकावर एक तीन आहेत, जवळजवळ छताला भिडलेली. खालून बघताना ती खरोखर अधांतरी वाटतात.

म्हणजे इथे 'कोणाचा चि' याचं उत्तर : ऐकलेल्या गोष्टीचा. त्याने लेणं स्वतः बघितलं नसावं, कुणी भक्तिभावाने सांगितलेलं उतरवून घेतलं असावं, असं मला वाटतं. हत्ती बरोबर आले, आकडे फुगले.

अवांतर : त्याला स्वतःला मापांची पक्की जाण होती. एक योजन म्हणजे जुन्या चिनी परंपरेने ४० ली, भारतातल्या व्यवहारात ३० ली आणि बौद्ध ग्रंथांत फक्त १६ ली, हे तिन्ही त्याने शेजारी शेजारी नोंदवलंय. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने एकोणिसाव्या शतकात जुनी नगरं शोधली ती बरीचशी याच लींच्या आकड्यांचा माग काढत.

---

निरगुडी

मी आयुर्वेदाची पदवी घेतली, नंतर अॅक्युपंक्चर शिकले. आमचा त्सुन सगळ्यांहून वेगळा, म्हणून लिहिते.

अॅक्युपंक्चरमध्ये त्सुन पट्टीवर नसतो, रुग्णाच्या अंगावर असतो. त्याच्या अंगठ्याची पेरापाशी जी रुंदी, तो एक त्सुन. तर्जनी आणि मधलं बोट जोडून दीड. चार बोटं जोडून तीन. वैद्याची बोटं नव्हेत, रुग्णाची.

करून बघा. डावा तळहात वर करा. मनगटाच्या घडीवर उजव्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा, साधारण दोन त्सुन होतात. तिथे दोन कंडरांच्या मध्ये जो बिंदू, तो नेइग्वान. प्रवासात मळमळणाऱ्यांना हाच दाबायला सांगतात. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या घडीपर्यंत १२ त्सुन मानतात, मग तो सहा वर्षांचा मुलगा असो की सहा फुटी पैलवान. म्हणजे बिंदू दर वेळी त्या अंतराच्या सहाव्या हिश्श्यावर येतो. सेंटीमीटरने शिकवलं असतं तर लहान मुलाच्या हातावर सुई भलतीकडेच लागली असती.

हे पहिल्यांदा शिकले तेव्हा मला नवं वाटलंच नाही. चरक-सुश्रुतांत शरीराची मापं 'स्वांगुल' प्रमाणात आहेत, ज्याच्या त्याच्या बोटाने. अॅक्युपंक्चर भारतात रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते डॉ. बी. के. बसू आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबरच १९३८ च्या वैद्यकीय पथकात चीनला गेले होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले.

तर मृगशीर्ष, तुमच्या प्रश्नाला आमचं उत्तर : ज्याचं दुखतंय त्याचा.

---

रंधा_करवत

सुतारकामाची आवड आहे, नोकरीनिमित्त मलेशियात पिनांगला राहतो. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या स्टीलच्या टेपवर चार ओळी असतात : सेंटीमीटर, इंच आणि मध्ये लाल-काळ्या चिनी अक्षरांच्या दोन पट्ट्या. वरची लू बानची पट्टी. लू बान म्हणजे चिनी सुतारांचा आद्यपुरुष, आपल्या विश्वकर्म्यासारखा. एक पट्टी ४२.९ सेंमीची, तिचे आठ भाग : धन, आजार, ताटातूट, सदाचार, अधिकारपद, लुबाडणूक, हानी, मूळ. लाल शुभ, काळं अशुभ. दाराचं माप लालवर पडलं पाहिजे. खालची पट्टी ३८.८ सेंमीची, दहा भागांची, ती थडगी आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्यांसाठी.

इथल्या एका वृद्ध चिनी मिस्त्रीकडे मी काम शिकतो. दाराची चौकट करताना ते आधी सेंटीमीटरने जागा मोजतात आणि मग टेप दोनचार मिलिमीटर मागेपुढे सरकवून लाल अक्षर शोधतात. आमच्या कोकणातल्या घराच्या वेळी आजोबांनी 'आय' (वास्तुशास्त्रात मापावरून काढतात ते शुभाशुभ) काढला होता : ध्वज, धूम्र, सिंह, श्वान, वृषभ, खर, गज, काक. तेही आठच, आणि एकाआड एक शुभ. दोन्हींचा काही संबंध आहे असा माझा दावा नाही, पण त्या मिस्त्रींना आयांची नावं सांगितली तेव्हा त्यांनी हातातलं काम थांबवून ती आठही लिहून घेतली.

चि मात्र गावागणिक वेगळा. हाँगकाँगच्या कायद्यातला ३७.१४७५ सेंमी, तैवानचा ३०.३ सेंमी (हा जपानी शाकूइतकाच), मुख्य भूमीवर ३३.३३. तैवानहून लाकूड मागवाल तर आधी विचारून घ्या.

---

नदीकिनारा

वाचनखूण साठवली. चीनच्या भिंतीला 'दहा हजार लींची भिंत' म्हणतात ते कोणत्या लीने?

---

लेणीवाट

@नदीकिनारा, तिथे 'दहा हजार' म्हणजे 'अगणित'. आजच्या लीने ५००० किमी होतात. २०१२ मध्ये सगळ्या राजवटींच्या भिंती धरून जाहीर झालेली लांबी २१,१९६ किमी आहे. नाव ज्यांनी दिलं त्यांनी मोजून दिलं नव्हतं.

---

शिवणटिपण

सगळ्यांचे मनापासून आभार. लीबद्दलची चूक मान्य, मूळ धाग्यात दुरुस्ती करत नाही, नाहीतर लेणीवाट यांचा प्रतिसाद लोंबकळेल.

व्यनिमधून (व्यक्तिगत निरोपातून) दोघींनी विचारलंय, चिनी टेप ओळखायचा कसा. शेवटचा आकडा बघा. ६० असेल तर इंच, ४५ असेल तर त्सुन. तुकडा कापलेला असेल आणि शेवट दिसत नसेल तर एका घरातले बारीक भाग मोजा : आठ किंवा सोळा म्हणजे इंच. दहा भाग दिसले तर दुसऱ्या बाजूला दहाचा आकडा बघा, तो इकडच्या तीनच्या रेषेवर आला तर त्सुन, चारच्या जरा अलीकडे आला तर इंच. त्सुनवरून इंच हवे असतील तर १.३१ ने गुणा.

आणि पडद्यांचं विचारलंत म्हणून सांगते. कमी पडलं होतं साडेबत्तीस सेंमी, मृगशीर्षांच्या भाषेत छिंगच्या बांधकामाचा एक चि. शिंपीकाकांनी खाली इरकली खणाचा तेवढा पट्टा जोडून दिला. ह्या वेळी माप त्यांनी स्वतः येऊन, त्यांच्या टेपने घेतलं.